वादळाचा प्रथमपुरुषी अर्थ

वारा सुरू होऊन दोन तास झाले होते आणि वीज जाऊन चाळीस मिनिटे. शेजारच्या घरातले ऐंशी ओलांडलेले आजोबा प्राणवायूच्या यंत्रावर होते. यंत्र विजेवर चालणारे, आणि त्याच्या बॅटरीने नुकतीच मान टाकली होती. राखीव सिलिंडर घरात होता, तो भरलेलाही होता, पण तो उघडण्याचा पाना सापडत नव्हता. मोबाइलच्या उजेडात त्यांची सून एकामागून एक खण उपसत होती आणि त्याच वेळी तोंडाने देवाचे नाव घेत होती, मोठ्याने नव्हे, स्वतःशीच. आजोबा श्वास जुळवून घेत दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होते, ‘लाइट आली का?’ पाना अखेर सापडला तो सिलिंडरच्याच गाडीच्या चाकामागे, भिंतीच्या कडेला घरंगळलेला. सगळा वेळ तो तिथेच होता.

त्या बाईंच्या ओठांवर जे चालले होते आणि हातांनी जे चालले होते, त्यांत तिथे उभ्या असलेल्या कोणालाही विसंगती वाटली नाही. नाव कसले घेतेस, पाना शोध, असे कोणी म्हणाले नाही. आणि पाना कसला शोधतेस, नाव घे, असे तर कोणीच म्हणाले नाही. मात्र तेच वादळ दुसऱ्या दिवशी बातम्यांत, सभांत आणि चर्चांत शिरले की या दोन गोष्टींची फारकत होते. कोणी म्हणते, हा देवाचा कोप आहे. कोणी म्हणते, ही देवाची करणी आहे, तिथे माणसाचे काय चालणार. आणि कोणी म्हणते, देवाचा इथे काही संबंध नाही, हा निव्वळ हवेच्या दाबाचा खेळ आहे. पहिले दोघे देवाचे नाव घेतात म्हणून ते एका गोटातले समजले जातात आणि तिसरा त्यांचा विरोधक. माझे म्हणणे असे आहे की, भीषण हवामान माणसाला त्याच्या नश्वरतेची आणि ईश्वरावरील अवलंबित्वाची आठवण करून देते, हे ज्याला मनापासून पटले आहे, त्याचा पहिल्या दोघांवरचा आक्षेप तिसऱ्यापेक्षा जास्त असायला हवा.

ही आठवण नेमकी कशाची, हे आधी सांगितले पाहिजे, कारण वादळ म्हटले की डोळ्यांपुढे उन्मळलेली झाडे आणि उडालेले पत्रे येतात आणि नश्वरता म्हणजे काहीतरी गडगडाटी प्रकार आहे, असा समज होतो. वस्तुतः हवामानाच्या हातून होणारे सर्वांत मोठे संहार कधीकधी पूर्णपणे निःशब्द असतात. माणसाचे शरीर सदतीस अंशांच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यात जगते. आतले तापमान चार-पाच अंशांनी वर गेले आणि तिथेच राहिले की एकेक अवयव हार मानू लागतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेने सत्तर हजारांहून अधिक माणसे नेली. श्रीमंत, सुशिक्षित, रुग्णालयांनी भरलेल्या त्या खंडात ना कुठले छप्पर उडाले, ना पूल वाहून गेला. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात अशाच लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतले कितीतरी जण एकटे राहणारे वृद्ध होते आणि चोरांच्या भीतीने दारेखिडक्या घट्ट लावून बसले होते. चार-पाच अंश आणि एक बंद खिडकी, एवढ्यावर आपले असणे अवलंबून आहे, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती लक्षात राहत नाही.

आणि जे मारते तेच जगवते, ही याची दुसरी बाजू. समुद्राच्या वरच्या थराचे तापमान साधारण सव्वीस-सत्तावीस अंशांच्या पुढे गेले, वरच्या हवेत वाऱ्यांची ओढाताण कमी असली आणि इतर काही गोष्टी जुळून आल्या की बाष्प वर चढते, थंड होऊन त्याचे पाणी होते आणि पाणी होताना ते आपल्यातली उष्णता हवेला देऊन टाकते. ती उष्णता आणखी हवा वर ओढते, आणि चक्र सुरू होते. चक्रीवादळाचे हे इंजिन शेतावर हळुवार सरी पाडणाऱ्या ढगातही असते, फक्त लहान प्रमाणात. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातले पर्जन्यसूक्त मला या संदर्भात फार प्रामाणिक वाटते. त्यात पावसाची गर्जना आहे, झाडे उलथवणारा आणि दुष्टांना मारणारा पर्जन्य आहे, त्याला नमस्कार आहे, त्याच्यामुळे उगवणाऱ्या वनस्पतींचे कौतुक आहे, आणि शेवटच्या ऋचेत अगदी घरगुती सुरात विनंती आहे की, बाबा, पाऊस पाडलास, आता जरा आवर. ये म्हणणारा आणि पुरे म्हणणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही वेळा तो हात जोडूनच बोलतो. हात जोडण्याचे कारण भीती आहे, हे खरे, पण तेवढेच कारण नाही. ज्याच्याशिवाय आपले चालत नाही त्याच्याशी आपण असेच बोलतो.

यावर विज्ञानाच्या बाजूने एक आक्षेप नेहमी येतो : अवलंबित्व म्हणजे अज्ञान, ज्ञान वाढले की ते ओसरेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण ज्ञान वाढल्यावर काय कळले, हेही पाहू. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे एक साधे गणित चालवत होते. एक गणित पुन्हा मधूनच सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ हा आकडा छापील कागदावर होता तसा, म्हणजे ०.५०६ एवढाच भरला. थोडा वेळ दोन्ही गणिते जोडीने चालली आणि मग फाटली. शेवटी दोन्ही हवामानांत काहीच साम्य उरले नाही. दशांशचिन्हापुढच्या चौथ्या स्थानावरच्या फरकाने हे केले. वातावरणाची आजची अवस्था कितीही बारकाईने मोजली तरी तिच्यात इतकी तफावत राहणारच, आणि म्हणून दिवसागणिक हवामानाचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, असे त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या कामातून दिसते. यावरून देवाचे अस्तित्व सिद्ध होते, असे मी म्हणत नाही. विज्ञानाच्या फटीत देव बसवणे हा देवाचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही. एवढेच म्हणायचे आहे की, अवलंबित्व ही आपल्या बालपणाची अवस्था नसून ती आपली स्थिती आहे, आणि हे आपल्याला सांगितले ते कुठल्या कीर्तनकाराने नव्हे, तर गणिताने.

मराठीत आपण हवामानाच्या ‘भविष्यवाणी’ला ‘अंदाज’ म्हणतो, हा शब्द मला फार आवडतो. त्यात आपली पायरी ओळखण्याची सवय आहे. इंग्रजीत याच अर्थाचा शब्द हवामानाला प्रथम लावला तो रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विनला जगभर फिरवणाऱ्या जहाजाचे हे कप्तान. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने हवामानाच्या नोंदींसाठी खाते उघडले तेव्हा ते त्याचे प्रमुख झाले. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली, त्यानंतर त्यांनी तारायंत्राने ठिकठिकाणच्या हवेच्या दाबाची माहिती मागवून वादळाची सूचना बंदरांना देण्याची पद्धत उभी केली. बंदरातल्या काठीवर कॅनव्हासचे काळे शंकू चढत. शंकूचे टोक वर की खाली, यावरून वारा कुठून येणार ते खलाशांना कळे. हे गृहस्थ बायबल शब्दशः मानणारे होते. १८६० मध्ये ऑक्सफर्डला डार्विनच्या मतावर गाजलेली चर्चा झाली, तिथे ते हातात बायबल घेऊन उभे राहिले होते. त्यांचे जीवशास्त्राविषयीचे मत मला मान्य नाही. पण वादळ देवाच्या हाती आहे, अशी ज्याची पक्की श्रद्धा होती, त्याच माणसाला ते येण्याआधी खलाशांना कळवावे असे वाटले, आणि आपण सांगतो ती भविष्यवाणी नाही, हेही त्यानेच बजावून सांगितले, ही गोष्ट मला बोलकी वाटते. अंदाज चुकले की त्यांची टिंगल होई. १८६५ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. पुढच्या वर्षी सूचना बंद करण्यात आल्या, आणि दर्यावर्दी लोकांच्या मागणीमुळे त्याच्या पुढच्या वर्षी त्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या.

याच्या उलट उदाहरण युरोपातल्या चर्चच्या घंटांचे. गडगडाट सुरू झाला की घंटा वाजवायच्या, म्हणजे वीज पांगते, अशी समजूत शेकडो वर्षे होती. कित्येक घंटांवर ‘मी वीज फोडते’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले असत. गावातली सर्वांत उंच इमारत, तिच्या टोकाला धातू, आणि खाली ओला दोर धरून उभा असलेला माणूस. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक नोंद सांगते की ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण मेले. त्या दोर ओढणाऱ्यांच्या श्रद्धेत खोट नव्हती. पण त्यांची प्रार्थना ही देवापुढची विनंती उरली नव्हती, ती एक यंत्रणा झाली होती, आणि यंत्रणा म्हणून ती वाईट होती. विजेचा दांडा आला तेव्हा श्रद्धेचे काही गेले नाही. फक्त दोर ओढणारे वाचले.

आता कोपाविषयी. हवामानाला देवाचा निकाल समजण्याची सवय फार जुनी आहे आणि ती बहुधा जिंकणाऱ्याला असते. १५८८ मध्ये स्पेनचे आरमार वादळांनी विखुरले तेव्हा विजयी पक्षाने ‘देवाने फुंकर मारली आणि ते पांगले’ अशा अर्थाचे पदक काढले. बुडालेले स्पॅनिश खलाशीही त्याच देवाची प्रार्थना करत होते, हे पदकावर मावले नसावे. मंगोलांचे आरमार १२८१ मध्ये तुफानात सापडले, त्या तुफानाला जपानने ‘देवाचा वारा’ म्हटले आणि साडेसहाशे वर्षांनी आत्मघातकी वैमानिकांना तेच नाव दिले. पण हरणाऱ्याकडून, अगदी सद्‌हेतूनेही, असा अर्थ लावला जातो, आणि त्याचे सर्वांत गंभीर उदाहरण हवामानाचे नसून भूकंपाचे आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला आणि महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे, असे म्हटले. अस्पृश्यतेला त्यांच्याइतकाच विरोध असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली : भौतिक आपत्तीची कारणे भौतिकच असतात, आणि असा तर्क उद्या सनातनी पक्षही तितक्याच सहजतेने तुमच्याविरुद्ध वापरेल. गांधींनी ठाकुरांचे म्हणणे आपल्या ‘हरिजन’मध्ये छापले आणि आपला मुद्दा सोडला नाही.

या वादात मी ठाकुरांच्या बाजूचा आहे, पण गांधींच्या म्हणण्यातला एक धागा मला तोडवत नाही. आपत्ती आली की धार्मिक माणसाने आत पाहावे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. गफलत झाली ती व्याकरणाची. आपत्तीचा अर्थ प्रथमपुरुषात लावता येतो : मी कसा जगतो आहे, माझ्या हातून काय राहून गेले, मी कोणाच्या जिवावर निश्चिंत आहे. तो द्वितीयपुरुषात लावला की उपदेश होतो आणि तृतीयपुरुषात लावला की आरोप. छप्पर गेलेल्या माणसाने म्हणावे की यात माझ्यासाठी काही आहे. ज्याचे छप्पर शाबूत आहे त्याने तेच त्याच्याविषयी म्हणणे हा निर्दयपणा आहे. धर्मग्रंथांना हे ठाऊक आहे. येशूच्या काळी सिलोआम येथला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हटले आणि ऐकणाऱ्यांना आपापल्याकडे पाहायला सांगितले. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधणारे मित्र आहेत, आणि वावटळीतून बोलणारा देव शेवटी रागावतो तो त्या मित्रांवर.

आणि ज्यांना तरीही निकालाचीच भाषा बोलायची आहे, त्यांनी एक आकडा विचारात घ्यावा. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे मेली. वीस ते चव्वेचाळीस या वयोगटात मृत्यूचे प्रमाण पुरुषांत दर हजारी १५ होते, स्त्रियांत ७१. सूचना पुरुषांच्या बैठकीत पोहोचली, पण घरात नाही. लेकरे, सामान आणि जनावरे यांची जबाबदारी बाईवर होती. घरधनी परतल्याशिवाय निघायचे नाही, हा रिवाज होता. अंगावरची साडी पाण्यात पाय गुंतवत होती. देव स्त्रियांवर जवळपास पाचपट रागावला होता, असे म्हणायची कोणाची तयारी आहे? वादळ सर्वांवर सारखे येते. मरण मात्र समाजाने आधीच आखून ठेवलेल्या उतारावरून वाहत जाते.

इथे मराठीतला एक जुना जोडशब्द कामाला येतो. आपल्याकडे शेतकऱ्याची संकटे दोन प्रकारची मानली गेली : अस्मानी आणि सुलतानी. एक आभाळातून येणारे, दुसरे राज्यकर्त्यांकडून. ज्या लोकांनी हा शब्द घडवला ते देवभोळे म्हणून ओळखले जातात, पण आभाळाचा आणि सरकारचा हिशेब एका वहीत लिहायचा नाही, एवढी समज त्यांना होती. कायद्याने आणि कार्यालयांनी मात्र दोन्ही वह्या एकत्र करण्याची सोय काढली. इंग्रजी कायद्यातून आलेली ‘देवाची करणी’ ही संज्ञा करारांत आणि कोर्टकचेऱ्यांत आजही वावरते : जे माणसाला आधी कळणे शक्य नव्हते आणि रोखणेही शक्य नव्हते, त्याला तो जबाबदार नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. १८७६ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने याच आधारावर एका जमीनमालकाला सोडले; त्याच्या आवारात ओढा अडवून केलेली शोभेची तळी अभूतपूर्व पावसाने फुटली होती आणि चार पूल वाहून गेले होते. पण १९१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक शहराचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आला तेव्हा निकाल उलटा लागला. नगरपालिकेने मुलांना पाण्यात डुंबायला तलाव हवा म्हणून ओढ्याचा मार्ग बदलला होता. असाधारण पाऊस झाला, पाणी जुन्या वाटेने जाऊ शकले नाही, ते रस्त्यावरून लोंढ्यासारखे आले आणि रेल्वेच्या मालमत्तेचे नुकसान झाले. ओढ्याच्या नैसर्गिक वाटेत हात घालणाऱ्याने असाधारण पावसाचीही तयारी ठेवली पाहिजे, असे न्यायाधीशांनी सांगितले. हा दुसरा निकाल मला कायद्याइतकाच धार्मिकही वाटतो. ओढा तुम्ही वळवायचा आणि पूर देवाच्या नावे टाकायचा, हा देवाचे नाव व्यर्थ घेण्याचाच एक प्रकार नव्हे काय?

ही गोष्ट जुनी झालेली नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री ‘डॅनियल’ वादळाने लिबियाच्या डोंगरांवर प्रचंड पाऊस पाडला आणि डेर्ना शहराच्या वरचे, १९७० च्या दशकात बांधलेले दोन बंधारे एकापाठोपाठ फुटले. शहराचा मधला भाग माणसांसकट समुद्रात गेला. मृतांची संख्या हजारोंत होती. बंधाऱ्यांची देखभाल वर्षानुवर्षे झालेली नव्हती आणि धोक्याचा इशारा एका जलतज्ज्ञाने २०२२ मध्येच लिहून ठेवला होता. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने बारा अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली. पाऊस अस्मानी होता. बंधारे सुलतानी होते. आता तर पाऊसही पूर्णपणे अस्मानी उरलेला नाही. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि आपण जाळलेल्या कोळशा-तेलामुळे पृथ्वी औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत एका अंशाहून अधिक तापली आहे. २०२४ हे वर्ष दीड अंशाच्याही वर गेले. म्हणजे ढगातही आपला हात आहे. ज्या पिढीने आभाळावर एवढी ढवळाढवळ केली, तिनेच ‘देवाची करणी’ म्हणत हात वर करावेत, यासारखा दांभिकपणा नाही. आणि तरीही यावरून आपण आभाळाचे धनी झालो असे कोणी समजू नये. बिघडवता येणे आणि ताब्यात असणे यांतले अंतर घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला कळते.

मघाच्या आक्षेपाकडे आता येतो. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आजच्या बांगलादेशाच्या त्याच किनाऱ्यावर वादळाच्या लाटेने तीन ते पाच लाख माणसे गिळली. वादळ येते आहे हे आकाशवाणीवरून सांगितले गेले होते. पण ऐकून जायचे कुठे, याचे उत्तर सपाट बेटांवर राहणाऱ्यांकडे नव्हते. त्यानंतर तिथे सरकार आणि रेड क्रॉसच्या चळवळीने मिळून स्वयंसेवकांचे जाळे उभारले. ते आज पाऊण लाखाच्या आसपास आहेत. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन निशाणे चढवायची, सायकलवरून कर्णा घेऊन ओरडत फिरायचे, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात न्यायचे, हे त्यांचे काम. २००७ चे ‘सिद्र’ चक्रीवादळ अतितीव्र होते. मृत साडेतीन हजारांच्या आसपास. हा आकडा लहान नाही, पण तो लाखांत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने १९७० च्या दशकात हवामानाच्या आणि पाण्याच्या आपत्तींत वर्षाला सरासरी पन्नास हजारांहून अधिक लोक मरत होते, २०१० च्या दशकात वीस हजारांहून कमी; आणि याच काळात नोंदल्या गेलेल्या आपत्तींची संख्या मात्र पाचपट झाली. मग आक्षेपक विचारणारच : वाचवले ते निशाणाने, कर्ण्याने आणि उपग्रहाने, तर देवाने केले काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे निर्विवाद उत्तर माझ्यापाशी नाही. पण प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की माणसाने केले तेवढे देवाच्या वाट्यातून वजा होते. गोवर्धनाची गोष्ट सांगताना आपण गोपांच्या काठ्यांचे हसे करतो; करंगळीवर डोंगर तोलला गेला आहे आणि हे खाली काठ्या लावताहेत. मला मात्र त्या काठ्यांशिवाय ती गोष्ट अपुरी वाटते. डोंगर आपण उचललेला नाही, हे ठाऊक असणे आणि तरीही काठी न काढणे, या दोन्हींत विरोध दिसतो तो फक्त लांबून पाहणाऱ्याला. पाण्यात उतरणारा कित्येक स्वयंसेवक प्रार्थना करूनच उतरत असणार. देव हा शब्द त्याच्या कामात भर घालतो ती सामर्थ्याची नव्हे, तर वृत्तीची : जे वाचले ते आपल्या हक्काचे नव्हते ही जाणीव, जे वाचले नाहीत त्यांच्याविषयी निकाल न देण्याचा संयम, आणि तक्रार करायला कोणीतरी असणे. हे तिसरे मला सर्वांत मोलाचे वाटते. नास्तिकाला वादळावर रागावता येते, पण त्याच्याशी भांडता येत नाही.

आपल्या संतांना देवाशी भांडणे नवे नव्हते. सन १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचे घर बसले, मान गेला, आणि पहिली पत्नी अन्न अन्न करत मेली; हे त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगितले आहे. पाऊस न पडणे हेही भीषण हवामानच, फक्त सावकाश मारणारे. या दुष्काळाचा अर्थ त्यांनी काय लावला? शेजाऱ्यांच्या पापांची यादी केली नाही, गावाला शापही दिला नाही. त्यांनी अर्थ लावला तो स्वतःपुरता, आणि परंपरा सांगते की वडिलार्जित सावकारीतल्या आपल्या वाट्याच्या कर्जखतांचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले. म्हणजे आभाळाने जे केले त्याची वसुली कुळांकडून केली नाही. आपल्या हातात होती तेवढी सुलतानी थांबवली.

अशी आठवण फार टिकत नाही, हेही कबूल केले पाहिजे. कुराणात गलबतातल्या प्रवाशांचे वर्णन आहे : लाटा उसळल्या की ते अगदी निखळ मनाने देवाला हाक मारतात आणि किनाऱ्याला पाय लागला की विसरतात. मी याला अपवाद नाही. त्या रात्री पाना सापडल्यावर तो सुतळीने सिलिंडरलाच बांधून ठेवायचा, असे आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवले. सुतळी प्रत्यक्षात बांधली गेली ती आठ दिवसांनी, आणि तीही आजोबांनी चारदा आठवण केल्यावर. वीज त्या रात्री पहाटे आली. भुरभुर पावसात वायरमन खांबावर चढला होता, खाली त्याचा सोबती टॉर्च धरून उभा होता, आणि वर जाण्याआधी त्याने खांबाला हात लावून तो कपाळाला नेलेला मी पाहिला. मग त्याने रबरी हातमोजे नीट ओढून घेतले.

पुढच्या खेपेला वारा सुटला तेव्हा शेजारच्या बाईंनी आधी देवाचे नाव घेतले की आधी पान्याची सुतळी चाचपली, ते मी सांगू शकणार नाही. मी आमच्या खिडक्या लावत होतो.